आमची होऊ घातलेली लाँच

जुन्या वस्तूंचे आणि आम्हां मध्यमवर्गीयांचे काही गूढ नाते असले पाहिजे. नव्या वस्तूच्या दुकानात शिरताना आमचा पाय अडखळतो. पण ‘वापरलेली, सुस्थितीत, मालक परदेशी जाणार असल्यामुळे’ असे शब्द कुठे दृष्टीस पडले की आमच्या अंगात कुठले तरी बळ संचारते. माझ्या घरातले पुस्तकांचे कपाट जुने, त्यातली निम्मी पुस्तके रद्दीच्या दुकानातली, आणि ज्या स्कूटरवरून मी पंधरा वर्षे कॉलेजात गेलो तीही दोन मालकांच्या हातून उतरलेली. जुनी वस्तू घेतल्याने पैसे वाचतात हे तर खरेच. पण खरा आनंद पैशाचा नसतो. नवी वस्तू कोणीही घेईल. जुनी वस्तू पारखून घ्यावी लागते, आणि आपल्याला पारख आहे असे ज्याला वाटत नाही असा मध्यमवर्गीय गृहस्थ मी तरी अजून पाहिलेला नाही.

असे असूनही जुनी बोट विकत घेण्याचा विचार आमच्या घराण्यात आजवर कोणी केला नव्हता. तो केला माझ्या धाकट्या आतेभावाने. तो अष्टागरात राहतो. नारळी-पोफळीची वाडी, विहिरीवर पंप, मागच्या अंगणात पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या, आणि आमच्या भावजयीच्या हातची आमटी, असा त्याचा संसार. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि दुपारच्या चार तासांत त्याच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी त्याने मोडून टाकल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला पाचसात वर्षे जातात. रोपे त्याने लगेच लावली. पण मधल्या वर्षांत घर चालायचे ते खोल्यांवर. म्हणजे शनिवार-रविवारवर.

अशात २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले. त्यांत खांदेरी होता. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की हा किल्ला समोर समुद्रात दिसतो. आतेभावाच्या खोल्यांत उतरणारा जो तो विचारू लागला, ‘खांदेरीला कसं जायचं?’ आणि आतेभावाच्या डोक्यात बोट शिरली.

एके दिवशी रात्री त्याचा फोन आला.

“दादा, एक लाँच बघितलीय. अठ्ठावीस फुटी. परदेशी बनावट. दोन इंजिनं आहेत. मालक नऊ लाखांना द्यायला तयार आहे.”

“नवी केवढ्याला मिळते?”

“नवी आपल्याला विचारतासुद्धा येणार नाही!”

त्याचे हे वाक्य ऐकताच माझ्यातला जुन्या बाजाराचा गिऱ्हाईक जागा झाला. पण त्याचे पुढचे वाक्य जरा खालच्या आवाजात आले.

“फक्त त्या स्टर्नड्राइव्हचं थोडं काम आहे म्हणतात.”

आमच्या घरात एम. ए. झालेला मी एकटा. तो मराठी घेऊन, ही गोष्ट नातेवाइकांच्या दृष्टीने गौण आहे. कोर्टाची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचा कागद, विम्याची कलमे हे सगळे वाचून अर्थ सांगण्यासाठी माझ्याकडेच येते. तेव्हा स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय, हे मला समजावून घेणे प्राप्तच होते.

समजले ते असे. यंत्राने चालणाऱ्या बोटींच्या मुख्यतः तीन जाती. पहिलीत यंत्र बोटीच्या पोटात असते. त्याच्यापासून निघालेला लांब दांडा तळातून बाहेर पडतो, दांड्याच्या टोकाला पंखा आणि पंख्यामागे सुकाणू. आपले मचवे या जातीचे. दुसरीत सबंध यंत्रच बोटीच्या पिछाडीला बाहेर टांगलेले असते. त्याला आउटबोर्ड म्हणतात. कोळीवाड्यातल्या फायबरच्या होड्यांवर ते आपण पाहतो. तिसऱ्या जातीत यंत्र आत असते, पण पिछाडीच्या फळीला अगदी खेटून. आणि त्याचा पाय तेवढा त्या फळीतून बाहेर पाण्यात सोडलेला असतो. हाच स्टर्नड्राइव्ह. म्हणजे धड घरातला नाही, धड बाहेरचा नाही. आपल्याकडे अशी स्थिती घरजावयाची असते, आणि त्याच्यासारखेच याचेही रुसवेफुगवे पुष्कळ.

ही कल्पना जिम विन नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरची. १९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने ती ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने लोकांपुढे मांडली, आणि पुढच्या काही वर्षांत हौशी बोटवाल्यांच्या जगात तिचा बोलबाला झाला. युक्ती खरोखरच नामी आहे. यंत्र आत असल्यामुळे त्याला हवे तेवढे मोठे करता येते. पाय डावी-उजवीकडे वळतो म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. आणि उथळ पाणी आले तर तो थोडा वरही उचलता येतो. सुटीच्या दिवशी सरोवरात उतरवायची आणि संध्याकाळी मोटारीमागे जोडून घरी न्यायची, अशा बोटींना ही रचना फार मानवली.

पण सुख जेवढे सोयीचे तेवढेच त्याचे सांधे नाजूक. यंत्राची शक्ती फळीतून आडवी बाहेर येते, तिथे काटकोनात खाली वळते आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. ही दोन्ही वळणे दातेरी चाकांवर आणि तेलात. शिवाय सबंध पाय हलता असल्यामुळे फळीपाशी जो सांधा असतो, त्याच्यावर रबराचे घड्याघड्यांचे वेष्टण घातलेले असते. बाजाच्या पेटीचा भाता असतो ना, अगदी तसे. हा भाता पाण्याच्या पातळीखाली असतो. तो फाटला की आधी सांध्यात पाणी, मग बोटीत पाणी, आणि बोट धक्क्याला बांधलेल्या जागीच बुडू शकते. वीतभर रबरावर नऊ लाखांची लाँच तरंगते हे कळल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि लाँच तर अजून आमची झालीही नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही ती पाहायला मुंबईला दारूखान्यात गेलो. (दारूखाना म्हणजे दारूगोळ्याचे कोठार, हे मी भावजयीला फोनवर मुद्दाम समजावून सांगितले.) आतेभावाने बरोबर एक मिस्त्री आणले होते. पांढरे केस, खिशात छोटी हातोडी, आणि बोलणे अगदी बेताचे. लाँच लाकडी ठोकळ्यांवर उभी करून ठेवली होती. खरे सांगतो, तिला पाहिल्यावर माझ्याही मनात काही तरी हलले. पांढरीशुभ्र, बाकदार, पुढे नाळेपाशी लोळायला गादी, आणि मागे दोन काळेभोर, तुकतुकीत पाय. आतेभाऊ तिच्याभोवती नुसता फिरत होता. आत बसल्यावर त्याने चाकावर हात ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे असे पाहिले, जणू तिथे खांदेरी होता.

मिस्त्री मात्र मागेच उभे होते.

“रंग कधी मारला?” त्यांनी विचारले.

“परवाच! एकदम नवीन केलीय,” मालकाचा माणूस म्हणाला.

“झिंकवर पण?”

“सगळीकडे मारला, साहेब. काही सोडलं नाही.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले आणि ते प्रथमच हसले. त्या हसण्याचा अर्थ मला नंतर चहा पिताना कळला. दोन निराळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांचा विजेचा घट तयार होतो, आणि त्यातला दुबळा धातू झिजू लागतो. स्टर्नड्राइव्हचे घर अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि पंखा पुष्कळदा पोलादाचा. तेव्हा अ‍ॅल्युमिनियम झिजू नये म्हणून त्याच्याहूनही दुबळ्या धातूची, बहुधा जस्ताची, एक वडी पायावर बसवतात. समुद्राने काही खायचेच असेल तर ते तिने आपल्या अंगावर घ्यायचे. ती निम्मी झिजली की बदलायची. पण तिच्यावर रंग चढवला की तिचा पाण्याशी संबंध तुटतो, आणि मग समुद्र सरळ पायाचा घास घेतो. त्यातून बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग देतात, त्यात बहुधा तांबे असते. रंगाऱ्याने हात सैल सोडून तोच रंग पूर्वी कधी तरी पायांनाही दिला होता, असे मिस्त्रींचे निदान पडले. वरचा काळा तुकतुकीत थर त्यांनी नखाने खरवडला, तेव्हा खाली अ‍ॅल्युमिनियमला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसले.

मग त्यांनी हातोडी काढली आणि पिछाडीची फळी ठोकून पाहिली. आपण मडके घेताना वाजवून घेतो तशी. बाहेर फायबर असले तरी आत लाकूड असते. पाणी मुरले की ते कुजते आणि आवाज बद्द येतो. डावीकडे टणटण वाजले. उजवीकडे, पायाच्या वरच्या कोपऱ्यात, आवाज बसला. खांदेरीवर एक खडक आहे; त्याच्यावर दगड आपटला की धातूसारखा नाद येतो, आणि किल्ल्यावर गेलेला प्रत्येक माणूस तो वाजवून येतो. तो नाद ऐकायला लोकांना घेऊन जाणाऱ्या लाँचच्या फळीतून हा असा आवाज यावा, याचे आतेभावाला बरेच वाईट वाटलेले दिसले.

शेवटी तेल. तळाचा स्क्रू सैल करून मिस्त्रींनी दोन्ही पायांतले थोडे थोडे तेल काचेच्या बाटल्यांत घेतले. डाव्याचे काळपट होते. उजव्याचे मात्र थेट ताकासारखे निघाले. तेलात पाणी शिरले की असे होते, हे सांगायला मिस्त्रींची गरज नव्हती.

“चालते का, सांगा,” मालकाचा माणूस म्हणाला, “नाही तर चालू करून दाखवतो!”

“चालेल की,” मिस्त्री म्हणाले. “आज चालेल.”

त्या रात्री आमच्या घरी हिशेब झाला. टेबलावर आतेभाऊ आणि मी, फोनवर भावजय. एका बाजूला नऊ लाख. दुसऱ्या बाजूला मिस्त्रींचा अंदाज: उजवा पाय नवा, डाव्याची दातेरी चाके उघडून पाहायची, दोन्ही भाते, त्यांतली बेअरिंगे, आणि यंत्राला जोडलेली धुराड्याची बिडाची नळकांडी. ती खाऱ्या पाण्याने आतून गंजतात आणि फुटली की पाणी थेट सिलिंडरात जाते. सगळे मिळून सात लाख. ‘आणि उघडल्यावर काय निघेल ते निराळं’. नऊ लाखांची बोट आणि सात लाखांची डागडुजी! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला असा हळूहळू शिजत होता.

आतेभाऊ चिकाटीचा. तो म्हणाला, “दादा, पाय काढूनच टाकू. आतली यंत्रंही काढू. भोकं बुजवून मागं दोन आउटबोर्ड लावू.” ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. परदेशात लोक असे करतातही. स्टर्नड्राइव्ह बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी ओएमसी ही २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली आणि तिच्या यंत्रांचे भाग मिळणे कठीण होत गेले, तेव्हा पुष्कळांना असल्या वाटा शोधाव्या लागल्या. आमच्या लाँचची यंत्रे त्या कंपनीची नव्हती. पण खांदेरीच्या वाटेवर भाग मोडला तर तो मुंबईत मिळेल की महिनाभर परदेशातून येत राहील, हा प्रश्न आमच्यापुढेही होताच. आउटबोर्ड टांगायचे तर ती बद्द वाजणारी फळी आधी बदलायला हवी होती. बोट दुसरीच झाली असती आणि किंमत नव्या बोटीची.

मग पेट्रोल. दोन्ही यंत्रे वेगात चालली की तासाला सत्तर-ऐंशी लिटर पितात. मग परवाना. हौसेची बोट निराळी आणि भाडे घेऊन माणसे नेणारी निराळी. त्यासाठी मेरीटाइम बोर्डाची तपासणी, नोंदणी, विमा, शिकलेला सारंग, प्रत्येक माणसामागे एक जाकीट. मग पावसाळा. पावसाळ्याच्या महिन्यांत बोट पाण्याबाहेर हवी. कोळ्यांची होडी भरतीला दहा माणसे हात लावून वर ओढतात; ही अवजड लाँच उचलायला क्रेन बोलवावी लागणार.

इतका वेळ फोनवर गप्प असलेली भावजय तेव्हा बोलली.

“दादा, पैशाचं तुम्ही दोघं बघा. पाटल्या मोडायच्या तर मोडू, त्या काही मला रोज घालायच्या नाहीत. पण लोक आपली पोरं यांच्या भरवशावर बोटीत बसवणार. मागं एलिफंटाच्या वाटेवर माणसं गेली, ते बघितलं तेव्हा दोन रात्री मी जेवले नाही. यंत्र मधेच बंद पडलं तर काय करायचं, एवढं मला सांगा.”

१८ डिसेंबर २०२४ चा तो अपघात आम्हां दोघांनाही आठवत होता. त्याचे कारण वेगळे होते, असे तिला सांगता आले असते. आतेभावाने ते सांगितले नाही. तो पेन्सिलीने कागदावर होडी काढत बसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गावी गेलो आणि संध्याकाळी आम्ही थळला एका म्हाताऱ्या तांडेलाला भेटलो. आयुष्यभर याच पाण्यात फिरलेला माणूस. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, “तळाला किती पाणी लागतं तिला?” मग, “ओहोटीला कुठं ठेवणार?” मग, “पंख्यात जाळं अडकलं तर पाण्यात उतरून कोण सोडवणार?” स्टर्नड्राइव्ह हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. शेवटी म्हणाला, “मास्तर, दर्याचं देणं चुकत नाही. रोजच्या रोज थोडं थोडं देत गेलात तर झेपतं. तुंबवून ठेवलंत तर एकदम बोटच मागतो.” जस्ताच्या वडीचे शास्त्र त्याने ऐकले असेल की नाही, मला ठाऊक नाही, पण याहून चांगले ते मला कोणी सांगितलेले नाही.

समोर खांदेरीवरचा दीप लागला होता. मला १६७९ साल आठवले. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी या बेटावर तटबंदी उभारू लागला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे आणून वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी, तोफा मोठ्या. पण वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून निसटणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या दाणापाणी आणि माणसे बेटावर पोचवीत राहिल्या, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांना वेढा उठवावा लागला. या पाण्याला कशी होडी मानवते, याचा निकाल साडेतीनशे वर्षांपूर्वीच लागलेला आहे. मी हे बोललो नाही. इतिहासाचे दाखले देऊन माणसाची हौस मोडू नये.

परत येताना वाटेत आतेभाऊ आपणहून म्हणाला, “नाही घेत.” बस्स, एवढेच.

मिस्त्रींची मजुरी, बोट ठोकळ्यांवर चढवण्याचा आमच्या वाट्याचा खर्च आणि जाणेयेणे मिळून पंधरा हजार रुपये गेले होते. एका नातेवाइकांनी खोचकपणे विचारलेच, “पंधरा हजारांत मिळालं काय?” भावजय म्हणाली, “नऊ लाख मिळाले.”

शहाणपणाची गोष्ट म्हणून ही इथेच संपवता आली असती. पण ती तेवढीच नाही. आमचा वर्ग प्रत्येक गोष्ट तोलून पाहतो. तेल तपासतो, फळी वाजवतो, कागदाच्या दोन बाजूंना आकडे मांडतो. आणि त्यामुळे आमच्यापैकी फारसे कोणी बुडत नाही, हे खरे. पण फारसे कोणी समुद्रावरही जात नाही. लाँचच्या चाकावर हात ठेवून भिंतीकडे पाहणारा आतेभाऊ मी पाहिला होता. वादळाने मोडलेल्या वाडीत पाच वर्षे रोपांना पाणी घालत बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच पुढे जाण्यासारखे काही तरी दिसले होते. ‘नाही घेत’ हे बरोबर उत्तर होते. पण त्या उत्तराची किंमत हिशेबाच्या कागदावर कुठल्याच बाजूला आम्ही लिहिली नव्हती. ती त्याने एकट्याने भरली.

आपल्या भाषेत शेतातही नांगर असतो आणि समुद्रातही नांगर असतो. वर्गात हा शब्द शिकवताना त्याची गंमत मी मुलांना नेहमी सांगतो: एक जमीन उकरून काढतो, दुसरा जमीन धरून ठेवतो. हल्ली तो सांगताना मला आतेभाऊ आठवतो.

तो मात्र स्वस्थ बसलेला नाही. त्याच्या खोल्यांतले पाहुणे आता त्या तांडेलाच्या मुलाच्या होडीतून खांदेरीला जातात, परत येऊन भावजयीच्या हातचे जेवतात, आणि आठवड्यातून दोनदा आतेभाऊ होडीवर नुसता मदतनीस म्हणून जातो. कुठल्या खडकाला कुठल्या तिथीला किती पाणी असते, हे तो शिकतो आहे. पाटल्या अजून आहेत. पोफळी डोक्याच्या वर गेल्या आहेत. आणि मिस्त्रींनी त्याला दारूखान्यातून येताना दिलेली, समुद्राने अर्धी खाल्लेली जस्ताची एक जुनी वडी त्याच्या देवळीत निरांजनाशेजारी ठेवलेली आहे.

गेल्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. आवाज जरा खालचाच होता.

“दादा, छोटी फायबरची होडी आहे एक. नवीच म्हण. आउटबोर्ड मात्र वेगळं घ्यावं लागेल. काय करू, जुनं बघू का नवं?”

मी म्हटले, “मिस्त्री रविवारी मोकळे आहेत का, ते विचार.”